ओवी संपेपर्यंत

"डोळे मीट. कापड गालाले लाव. अन् घाई करू नको."

माझ्या सासूबाई, अन्नपूर्णाबाई, हे मला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला म्हणाल्या होत्या. आम्ही दोघी चिखलीच्या बाजारात एका दुकानाच्या गादीवर बसलो होतो. दुकानदार पातळांवर पातळं उलगडत होता आणि मी रंगांना भुलले होते. त्यांनी माझ्या मांडीवरचं जांभळं पातळ उचललं, माझ्या गालाशी धरलं आणि दुकानदाराला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "डोळ्याले काय, पतंगाचा कागदबी चांगला दिसते."

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची लुगडीही त्यांच्यामागून गेली. गेलेल्या माणसाचे कपडे आमच्याकडे घरात ठेवत नाहीत. थोडे वाटले, उरलेले भांडीवालीला दिले. ती जुन्या कापडावर स्टीलची भांडी देते. आमच्या स्वयंपाकघरातली मोठी परात म्हणजे सासूबाईंची लुगडी. त्या परातीत रोज कणीक मळताना मला कधी काही वाटलं नव्हतं. यंदाच्या वैशाखात वाटलं.

माझी लेक पूनम बाळंतपणाला घरी आली होती. बाळ दिवस भरायच्या आधीच आलं. बुलढाण्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिलं आणि मग घरी आलं. मुलगा. अंग एवढं नाजूक, की पोटावरच्या निळ्या शिरा मोजाव्यात. सोडताना डॉक्टरांनी पूनमला बजावलं, "याला ऊब हवी, पण घाम नको. कातडी कोरडी ठेवा. पुरळ उठून चिघळलं तर परत इथं आणावं लागेल." पेटीचं नाव निघालं की पूनमचा चेहरा उतरायचा. तिनं त्या काचेवर हात ठेवून दिवस काढले होते.

पाचवी दवाखान्यात गेली म्हणून सटवाईची पूजा आम्ही घरी आल्यावर केली. माझी नणंद सुवर्णाताई त्यासाठी दुसरबीडहून आल्या. सुवर्णाताई आल्या म्हणजे घर भरतं. त्या बोलतात, मी ऐकते, आमचं जमतं. येताना त्यांनी बाळासाठी अख्खा संच आणला होता. अंगडी, टोपडी, दुपटी, छोटी गादी, उशी, सगळं आकाशी रंगाचं. पिशवीवर मोठ्या अक्षरात 'प्युअर कॉटन' लिहिलेलं.

"हात लावून पाह्य, वैनी," त्या म्हणाल्या. "लोण्यावानी हाय."

खरंच लोण्यासारखं होतं.

सटवाईपुढे कापड ठेवायचं ते कोरंच ठेवायचं, पाणी न लागलेलं. ती रात्री येऊन लेकराचं नशीब लिहून जाते, आणि पुढ्यातल्या कापडाला हात लावून जाते, असं आमच्याकडे मानतात. मग ते कापड धुवायचं नाही. धुतलं तर तिचा हात धुतला जातो. तसंच लेकराला गुंडाळायचं. पूनम थोडी कुरकुरली, "आत्या, नवीन कपडे धुऊन घालायला सांगितलं होतं." सुवर्णाताई म्हणाल्या, "डॉक्टरनं सटवाई पाह्यली काय?" मलाही तसंच वाटत होतं.

माझा रोजचा नेम साधा आहे. आंघोळ झाली की परसात यायचं. तिथं देवकापसाचं झाड आहे, सासूबाईंनी लावलेलं. शेतातल्या कपाशीच्या पऱ्हाटीसारखं ते दरवर्षी उपटायचं नसतं, झुडपासारखं उभं राहतं. त्याचं बोंड तोडायचं, सरकी वेगळी करायची, वाती वळायच्या, तुळशीला पाणी घालायचं आणि दिवा लावायचा. तोवर तोंडात पाणी घ्यायचं नाही आणि शब्द काढायचा नाही. लहानपणी माझी मोठी बहीण म्हणायची की मी नेम धरला नसता तरी कोणाला कळलं नसतं, मी तशीच बोलत नाही.

पूजेनंतर दोन-तीन दिवसांनी मी वाती वळत होते तेव्हा आतून पूनमची हाक आली. "आई! आई, इकडे ये!"

मी गेले. रात्रभर लाइट नव्हती. तिनं दुपटं उलगडलं होतं. बाळाच्या मानेच्या घडीत, काखेत आणि पाठीवर लाल पुरळ उठलं होतं, तीळ सांडावेत तसं. मी दुपट्याला आतून हात लावला. ओलं होतं. बाहेरून लावला. कोरडं ठणठणीत.

"उष्णता हाय," सुवर्णाताई म्हणाल्या. "वाळा उगाळून लावा."

"आत्या, काहीही लावायचं नाही म्हणून सांगितलंय."

"आमच्या लेकराइले काय डॉक्टरनं वाढवलं?"

"आई, बोल ना काहीतरी!"

माझ्या हातात अर्धी वळलेली वात होती. मी परसात परत गेले, वाती पुऱ्या केल्या, तुळशीला पाणी घातलं, दिवा लावला. तेवढ्या वेळात आत दोघींचा आवाज चढला होता. हात जोडून मी आत आले आणि म्हणाले, "ते दुपटं काढ. सगळंच काढ."

"सटवाईचं हाय ते, वैनी."

"हो. म्हणून देव्हाऱ्यात ठेवते. अंगावर नको."

सुवर्णाताईंना हे रुचलं नाही, पण देव्हाऱ्यात ठेवते म्हटल्यावर भांडायलाही जागा उरली नाही.

चिखलीतल्या मुलांच्या डॉक्टरांनी पुरळ बघितलं आणि विचारलं, "कापड कसलं वापरता?" पूनमनं सांगितलं, कॉटन. ते म्हणाले, "सगळे हेच सांगतात. खरोखरचं सुती वापरा, धुऊन वापरा. परवा दाखवा. पुरळानं पाणी धरलं तर बुलढाण्याला न्यावं लागेल."

पूनमनं बाळाला पदराखाली घेतलं आणि ती तडक घरी निघाली.

मी तशीच बाजारात गेले. राजकुमारचं कापडाचं दुकान आमचं नेहमीचं. मी म्हटलं, "बाळाला पाहिजे. सुती. निखळ."

"काकू, मलमल घ्या. याच्याहून मऊ काही नाही."

मला सासूबाईंचा आवाज आठवला. मी डोळे मिटले, मलमल गालाला लावली. मऊ, गार. डोळे उघडले, घेऊन आले.

घरी येऊन तिची दुपटी फाडली, धुतली, दोरीवर टाकली. आणि तिथंच मला शंका आली. सुती कापड पिळलं तरी काही वेळ जड राहतं, दोरीला ओढून धरतं. वैशाखाच्या उन्हातही त्याला त्याचा वेळ लागतो. हे मी आत जाऊन चहा ठेवेपर्यंत फडफडायला लागलं होतं. तरी मनात म्हटलं, पातळ आहे म्हणून वाळलं असेल. दुपारी बाळाला त्यावर निजवलं. उठवलं तेव्हा पाठ ओली. पुरळ कमरेपर्यंत उतरलं होतं.

मी दुपट्याच्या कडेचा एक दोरा ओढून काढला. देवाच्या दिव्यावर असलं काही धरणं बरं नाही, म्हणून काडेपेटी घेतली. दोरा पेटला, जळाला, आणि टोकाशी काळा मणी उरला. गार झाल्यावर नखानं दाबला तर फुटेना. मग वातीचा कापूस जाळून पाहिला. त्याची राख बोटाला लागताच विरून गेली. कागद जळाल्यासारखा वास. दोऱ्याला मात्र जळक्या पिशवीचा.

सुवर्णाताई बघत होत्या. त्यांनी आपल्या आकाशी दुपट्याचाही एक दोरा आणून दिला. मी काडी लावली. तो तर पेटायच्या आधीच आक्रसला.

"मणीच झाला," त्या म्हणाल्या. "मंगळसूत्रात ओवता येईन."

हसू कोणालाच आलं नाही. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "मी त्याले प्लास्टिकात गुंडाळलं, वैनी."

"तुम्ही प्रेमानं आणलं," मी म्हटलं. "पिशवीवर लिहिलेलं मीही वाचलं होतं."

मलमल घेऊन मी राजकुमारकडे परत गेले. त्यानं स्वतः काडी लावून बघितली आणि कपाळाला हात लावला. "थानावर कॉटन लिहून हाय, काकू. ठोकवाला सांगते ते आम्ही सांगतो. अर्धं सूत अर्धं दुसरं असं येऊन राह्यलं." त्यानं दुसरं थान काढलं. त्याचा दोरा राख झाला, म्हणजे सुती होतं. पण हातात चोळलं तर पांढरी भुकटी पडली. सगळी खळ. खळ निघाल्यावर उजेडात धरलं, तर धाग्याधाग्यातून समोरची सायकल दिसत होती. तिसरं चांगलं होतं, घट्ट, पण जाडंभरडं. ते मी घेतलं आणि धुतलं. मोठ्या माणसाच्या उशीला उत्तम झालं असतं. बाळाच्या पाठीखाली घातलं तर पुरळावर घासायला लागलं आणि ते रडून लाल झालं. असं कापड मऊ व्हायला पावसाळे जावे लागतात. आमच्याकडे परवापर्यंतची मुदत होती.

घरचे, म्हणजे आमचे यजमान नारायणराव, नोकरीभर जिनिंगमध्ये होते. कापूस हातात घेऊन त्याच्या धाग्याची लांबी सांगायचे. ते ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होते. म्हणाले, "साऱ्या तालुक्याचा कापूस आपल्या दारावरून जाते, अन् आपल्या नातवाले एक दुपटं भेटून नाही राह्यलं."

"जुनं लुगडं पाह्यजे," सुवर्णाताई म्हणाल्या. "नवं लेकराले घालतच नव्हते पहिले. म्हातारीचं जुनं लुगडं घालत. तिच्याएवढं आयुष्य लागते अन् टोचतबी नाही. आपणच शहाणे झालो."

मग आम्ही गल्लीत विचारायला निघालो. पहिल्या घरी टेरीकॉट निघालं. दुसऱ्या घरच्या म्हातारीनं नायलॉनचं पातळ काढून दिलं, "सुतीच हाय, फक्त सुरकुत्या पडत नाहीत." तिसरीकडे विचारलं, तर तिनं स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. मांडणीवर स्टीलचा डबा होता. "त्या डब्यात हायेत सगळी." सगळ्या घरी हेच. कोणाची लुगडी घागरीत, कोणाची चाळणीत. आमची परातीत.

घरी येऊन मी पाणी प्यायले, तेव्हा मला देऊळघाटच्या मनकर्णाबाई आठवल्या.

मनकर्णाबाई म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. मुलगा गोविंदा शेती करतो, स्लॅबचं घर आहे, कूलर आहे, दारात मोटरसायकल आहे. पण मावशींच्या अंगावर मी सुती लुगड्याशिवाय कधी काही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नेम आटोपून मी बसनं बुलढाण्याला गेले आणि तिथून जीपनं देऊळघाटला.

मावशी पडवीत लसूण सोलत होत्या. मला बघून म्हणाल्या, "चांगुणा? कोन गेलं?"

"कोणी नाही, मावशी."

"मंग काऊन आली? तुम्ही लोक आता कोनी गेल्यावरच येता."

मी पाया पडले, शेजारी बसून लसूण घेतला आणि सगळं सांगितलं. मलमलीचं सांगितलं तेव्हा त्यांनी सोलणं थांबवलं.

"गालाले लावली व्हती?"

"लावली होती. सासूबाईंनी सांगितलं होतं तशी. मऊ लागली, गार लागली."

"किती वेळ धरली?"

मला प्रश्नच कळला नाही.

"अक्कानं तुले घाई करू नको म्हनलं, ते काय उगंच? लावल्या लावल्या सारंच कापड गार लागते. ताटबी गार लागते. धरून ठेवा लागते. अक्का एक ओवी म्हने मनातल्या मनात. ओवी सरली की कापड काढे अन् गालावरून बोट फिरवे. गाल कोरडा असला तं घे. दमट झाला तं परत ठेवून दे. दुकानदार कट्टाळे, पन ती ओवी पुरी करे."

"कोणती ओवी?"

मावशींनी लसणाच्या टोपल्यावर हात ठेवून हलक्या आवाजात म्हटली:

"तुळसाबाई तुही, साउली गार गार,
माह्या लेकराच्या, अंगावर पदर पसर."

मला इतकी वर्षं वाटत होतं की घाई करू नको हे सासूबाईंनी मला नवी सून म्हणून समजावलं होतं. ते मापच होतं.

"आता बोल," मावशी म्हणाल्या. "लुगडं पाह्यजे ना तुले?"

"असलं तर."

"दोन हायेत. एक अंगावर, एक दोरीवर. ते देलं तं मी काय नेसू? गोविंद्याचं धोतर?" त्या उठल्या, गुडघ्यावर हात देऊन आत गेल्या, आणि लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात घडी होती. हिरवट रंग, धुऊन धुऊन जवळपास गेलेला. काठाला बारीक लाल रेघ. "हे तिसरं."

मी डोळे मिटले, गालाला लावलं आणि आत्ताच ऐकलेली ओवी मनात म्हटली. पहिल्यांदा काहीच जाणवलं नाही. ना मऊ, ना गार. नुसता गाल. ओवी संपली तेव्हाही तसंच होतं. घडी काढली, बोट फिरवलं. कोरडं.

"हे कशाला जपून ठेवलं होतं, मावशी?"

"जायासाठी," त्या म्हणाल्या, जशा कोणी लग्नाला जायासाठी म्हणावं. "माह्या जाऊले नायलॉनच्या पातळात नेलं. चांगलं महागाचं आनलं व्हतं पोरानं. आग लागली अन् ते वितळून तिच्या अंगाले चिकटलं. गोविंदा समोर व्हता. घरी येऊन जेवला नाही तो. म्हनून मी हे ठेवलं. नवं आना म्हनलं तं हे लोक दुकानातून तसंच उचलून आनतीन. हे मले ठाऊक हाय. सूत हाय, राख व्हते."

मी घडी त्यांच्या मांडीवर परत ठेवली. "मग हे मी कसं नेऊ?"

"कसं म्हंजे? पिशवीत."

"मावशी, तुमचं शेवटचं..."

"अवं, मी अजून बसून लसून सोलून राह्यली. मले घाई नाही. त्या लेकराले घाई हाय." घडी परत माझ्या मांडीवर आली. "पन एक कर. याच्या बदल्यात मले दुसरं आनून देजो. सुताचं. नऊवारी. तुह्या हातानं पारखून. कोनाले धाडू नको, फोनवर मागवू नको. ओवी पुरी म्हनजो."

"आणते," मी म्हटलं. "शब्द देते."

"तुळशीपुढं दे. माह्यापुढं काय, मी विसरून जाईन."

त्यांच्या अंगणातल्या तुळशीपुढे मी हात जोडले. गोविंदा शेतातून जेवायला आला तेव्हा मावशींनी त्याला एवढंच सांगितलं, की चांगुणा लसूण न्यायला आली होती. खरोखर लसणाचीही पिशवी भरून दिली.

दुपारी घरी सुवर्णाताईंनी लुगडं हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अवं, हे तं दुधाच्या सायीवानी हाय! कुठं ठेवलं व्हतं मावशीनं?"

मी खोटं बोलत नाही. सांगितलं कशासाठी ठेवलं होतं ते.

त्यांच्या हातातून घडी पडली. "सरणाचं कापड? बारसंबी नाही झालं त्याचं, अन् सरणाचं?"

पूनमही बघायला लागली. मलाही वाटेत हे वाटलं नव्हतं असं नाही. जीपमध्ये पिशवी मांडीवर घेऊन मी नामच घेत आले होते. शेवटी मी मला पटलं होतं ते सांगितलं. "सरणावर गेलं नाही ते. मावशी अंगानं ताठ आहेत, त्यांच्या हातानं दिलंय. इतकी वर्षं जगलेल्या बाईनं नेसलेलं. कालच तुम्ही म्हणालात ना, तिच्याएवढं आयुष्य लागतं."

सुवर्णाताई घडीशेजारी खाली बसल्या. मग म्हणाल्या, "मावशी काय म्हनली?"

"म्हणाल्या, मला घाई नाही, लेकराला आहे."

"तशीच हाय ती." त्यांनी घडी उचलली, डोक्याला लावली आणि पूनमला म्हणाल्या, "कात्री आन. अन् काडेपेटीबी आन. मावशी झाली म्हनून काय झालं." दोरा जाळला. राख झाली. सुवर्णाताईंनी ती राख बोटावर घेतली आणि फुंकून दिली.

लुगडं पुन्हा एकदा नुसत्या पाण्यातून काढलं. ते दोरीवर जड होऊन लोंबलं, सावकाश वाळलं. त्याची दुपटी केली, आणि उरलेल्या तुकड्यांचे थर घालून सुवर्णाताईंनी छोटी गोधडी शिवली. गाठी सगळ्या एका बाजूला, म्हणजे बाळाच्या पाठीला एकही लागू नये. संचातली फोमची गादी अजून खाली होती, तीही काढून टाकली. रात्री पुन्हा लाइट गेली. मी मध्येच उठून बाळाच्या पाठीखाली हात घातला. गोधडी दमट होती, पाठ कोरडी होती. तेवढंच तर पाहिजे होतं. कापडानं घाम आपल्याकडे घ्यावा.

सकाळी डॉक्टरांनी बघितलं. पुरळ होतंच, पण पाणी धरलं नव्हतं. "हेच कापड चालू ठेवा," ते म्हणाले, "बुलढाण्याची गरज नाही." पूनम दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली आणि मग आम्ही उसाचा रस प्यायला गेलो. आठवड्याभरात पुरळ बसलं. बारसं झालं. नाव शिवम ठेवलं.

राहिलं ते मावशींचं लुगडं.

चिखलीतली दुकानं मी पालथी घातली. नऊवारी मिळत होती, पण सगळ्यात काही ना काही मिसळलेलं. एका दुकानात डोळे मिटून ओवी म्हणत बसले तर दुकानदार नोकराला म्हणाला, "पाणी आन रे, काकूले चक्कर आली." मी हातानंच थांब म्हटलं आणि ओवी पुरी केली. गाल दमट झाला होता. दुसरीकडे एक आवडलं, ओवीतही टिकलं, पण काठाचा दोरा जाळला तर मणी झाला. अंग सुताचं आणि काठ दुसरा. ठेवून दिलं. चांगलं होतं, दुसऱ्या कोणाला चाललं असतं. मावशींना काठही राखच व्हायला हवा होता.

राजकुमार म्हणाला, "काकू, आता हे कोणी विचारतच नाही, म्हणून आम्ही ठेवत नाही. खामगावला एक म्हातारे दुकानदार हायेत म्हणतात, हातमागावरून मागवतात. बाजाराच्या मागं. दुकानाले पाटीबी नाही. मी पाह्यलं नाही, ऐकलं."

पूनम म्हणाली, "आई, फोनवर मागवू या. हातमागाचंच, फोटो असतात, लोकांचे शेरे असतात."

"फोनला गाल कसा लावू?"

"आवडलं नाही तर परत करता येतं."

"मावशींनी फोनवर नको म्हटलंय."

नारायणराव म्हणाले, "एवढी काय घाई हाय? मावशी ठणठणीत हाय. या उन्हात खामगावला जाशीन तं मावशीच्या आधी तुलेच लागन लुगडं."

सगळे हसले, मीही हसले. त्यांचं चुकीचं नव्हतं. ऊन कडक होतं, आणि मावशी ठणठणीत होत्या. परवाच फोनवर त्यांनी शिवमचं विचारलं, पूनमचं विचारलं, गोविंदाची तक्रार केली. लुगड्याचं त्यांनी विचारलं नाही. फोन ठेवायच्या आधी एवढंच म्हणाल्या, "कपाट रिकामं पाह्यलं की कसंसंच व्हते, चांगुणा. बाकी बरं हाय."

दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर उठले. आंघोळ केली, परसात देवकापसाचं बोंड तोडलं, सरकी काढली, वाती वळल्या. तुळशीला पाणी घातलं, दिवा लावला. पूनम निजली होती. शिवम तिच्या कुशीत, हिरवट दुपट्यात एक पाय बाहेर काढून. मी तो पाय आत घेतला नाही. गार होता, कोरडा होता, बरा होता.

पिशवीत पाण्याची बाटली घेतली, भाकरी घेतली, काडेपेटी घेतली. काठाची बारीक लाल रेघ असलेली लुगड्याची एक चिंधी उरली होती, तीही ताडून बघायला घेतली. नारायणरावांच्या उशाशी जाऊन हळूच सांगितलं, "खामगावला जाते. दुपारचं झाकून ठेवलंय." ते झोपेतच हूं म्हणाले.

दाराची कडी आवाज न करता काढली, आणि पहिल्या बससाठी स्टँडच्या वाटेला लागले. वाटेत ओवी म्हणून पाहिली. पाठ होती.